समजावून धुतलेले शर्ट

"कापडाक मारूचा नाय. समजावचा."

हे तो व्हाळाच्या पाण्यात उकिडवा बसून म्हणायचा, आणि म्हणताना शर्ट दोन्ही तळहातांवर असा धरायचा की बघणाऱ्याला वाटावं, आता हा याच्या टाळूवर तेल घालणार. दोन पावलांवर आमच्या ओळीतल्या बायका आपापल्या दगडांवर धपाधप कपडे आपटत असायच्या. प्रत्येक धपाट्याला हा गडी डोळे मिटून घ्यायचा. एकदा आमच्या हिने चादर आपटायला वर उचलली, तर त्याने मधेच हात जोडले.

"वैनीनू, तिचो काय गुन्हो?"

ही इतकी हसली की हातातला साबण सुटला आणि पार साकवाखालून पलीकडे वाहत गेला.

त्याचं नाव मी सांगणार नाही. त्याची मुलं शिकली आहेत, वाचतात, आणि बापाची लग्नाआधीची फजिती चारचौघांत सांगितली म्हणून उद्या माझ्या दारात येऊन उभी राहतील. तेव्हा तो म्हणजे तो, एवढ्यावर भागवून घ्या.

गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मी पेडण्याचा, पण नोकरी डिचोलीकडच्या एका खाणीवर, टाइम ऑफिसात. कोण किती वाजता आला, कुणाच्या ट्रकने किती खेपा मारल्या, हे लिहायचं काम. तो दोडामार्गाकडचा, त्याच खाणीवर टिप्पर चालवायचा. आम्ही एकाच ओळीत राहत होतो. सहा खोल्या, लांबलचक पडवी आणि समोरून खाणीचा रस्ता.

तुम्ही त्या बाजूला उन्हाळ्यात कधी गेला असाल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको. झाडं लाल, कौलं लाल, आमची मुळात पांढरी असलेली कोंबडी लाल. पाहुणा येऊन तासभर पडवीत टेकला की उठताना त्याच्या भुवया लाल. आणि हा तर दिवसभर त्या मातीच्या राशीतच. संध्याकाळी ट्रकमधून उतरायचा तेव्हा शेंदूर फासलेल्या देवासारखा दिसायचा, डोळे आणि दात तेवढे आपल्या रंगाचे. तासाभराने खोलीतून बाहेर यायचा तो पांढऱ्या शर्टात. माणूस अवाढव्य, दारातून येताना खांदे तिरके करावे लागत. तो पांढरा डोंगर पडवीत येऊन बसला की आम्ही सगळे आपोआप आपल्या बाह्या बघायला लागायचो.

त्याची धुण्याची रीत सांगतो, हसू नका. आधी कपडा कोरडाच झाडायचा, उलटा करून, खिसे बाहेर काढून. पाण्याला लावायचा नाही. का, तर "माती सुकी आसा तवसर पावणी. भिजली की घरजावय. मगे काय केल्या जायत नाय." मग सगळे बुतांव, म्हणजे बटणं, लावून घ्यायची, नाहीतर काजं ताणतात. कॉलरला ब्रश नाही, अंगठा. पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून हळूच दाबायचं. खळ पेजेच्या निवळीची, तीही दोनदा गाळून. वाळत घालायचा तो सावलीत, खालच्या कडेने, खांद्यांना चिमटा न लावता. "खांद्यार टांगलास तर तेका वाटता, आपणाक फाशी दिली," असं त्याचं म्हणणं.

त्याच्या तारेला कुणी हात लावायचा नाही, हा ओळीतला कायदा होता. नवी बिऱ्हाडकरीण आली की पहिल्या दिवशी नळाची वेळ सांगायच्या आधी तिला हे सांगितलं जाई. एका बाईने एकदा चांगुलपणाने त्याचा शर्ट तारेवरून काढून घडी घालून ठेवला. त्याने तो शर्ट पुन्हा धुतला. त्यानंतर त्या तारेखालून मुलंसुद्धा वाकून जायची.

शर्टांची ओळख तो वयानिशी करून द्यायचा. "ह्यो पाच वर्सांचो. ह्यो सातांचो, पण अंगान बारीक." एकदा खाणीवर आलेल्या एका साहेबाने त्याचा शर्ट बघून विचारलं, कुठल्या दुकानातला? तो म्हणाला, "म्हापशाचो. पण तुमका मिळाचो नाय. ता दुकान बंद पडला." दुकान बुडलं, मालक गावी गेला आणि शर्ट अजून जावयासारखा मिरवत होता.

म्हापशाचीच एक गोष्ट. शुक्रवारचा बाजार करून आम्ही दोघं बसस्टँडवर डिचोलीच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारी पेडण्याची गाडी लागलेली. तिच्या दाराशी एक अनोळखी गृहस्थ उभे, शर्टाचं बटण एका धाग्यावर लोंबतंय. याला ते बघवेना. टोपीत सुईदोरा असायचाच. "जरा थांबा हां," म्हणून त्याने त्या गृहस्थांच्या छातीशी टाके घालायला सुरुवात केली. कंडक्टरने घंटी मारली, गृहस्थ गाडीत चढले, आणि सुई अजून बटणात म्हणून हाही चढला. गाडी गेली. मी दोन पिशव्या घेऊन स्टँडवर उभा. दीड तासाने स्वारी कोलवाळहून परतली ती खुशीत. "बुतांव आता शर्टाबरोबरच जातला," म्हणाला. आमची डिचोलीची गाडी दोनदा चुकली होती, त्याचं त्याला काही नव्हतं.

आता बोटीचं सांगतो, कारण पुढचं सगळं बोटीमुळे घडलं. खाणीतला माल ट्रकने नदीच्या धक्क्यावर जायचा, तिथून बार्जने मुरगावला, आणि मुरगावात तो बोटीत भरायचा. बोट लागली की रविवार नाही, सण नाही, ट्रक धावायचे. बोट नसली की रविवारी रस्ता गप्प, धूळ खाली बसलेली. पांढरं वाळवायचं तर असाच रविवार हवा. म्हणून दर शनिवारी काम सुटल्यावर तो टाइम ऑफिसच्या खिडकीत तोंड घालून मला विचारायचा, "टायमकीपरानू, बोट आसा?"

मी नाही म्हटलं की तो मनासारखं धुवायचा. मुरगाव तिथून केवढं लांब! तिथल्या बोटींवर आपल्या धुण्याचं वेळापत्रक लावणारा हा एकच माणूस मी पाहिला.

त्याचं लग्न होत नव्हतं. वय बत्तीस-तेहतीस, निर्व्यसनी, हातात काम, पण मुलीकडचे 'मायनार कामाक', म्हणजे खाणीवर कामाला, एवढं ऐकलं की मान हलवायचे. खाणीवरच्या माणसाच्या घरात पोर दिली तर तिचा भातही लाल होतो, असा बोलबाला. चार ठिकाणी नकार झाला होता. एका ठिकाणी तर मुलीच्या आजोबांनी त्याचा कान पुढे दुमडून मागे लाल आहे का ते बघितलं होतं. तो हे सगळं हसत सांगायचा. पण एकदा पडवीत कुणी नसताना मला म्हणाला, "माका एकट्याक रवाचो कंटाळो इलो. आता आजून एक नकार इलो तर मी परत विचारूचो नाय."

म्हणून मीच कंबर कसली. आमच्या पेडण्याकडच्या हळर्णला माझ्या ओळखीतले एक शेतकरी होते, त्यांची मुलगी लग्नाची होती. दोन पत्रं, एक फेरी, आणि सोमवारी मुलगी बघायला जाण्याचं ठरलं. मुलीच्या बापाने मला आडून सांगितलंही होतं, "मायनारचो म्हणतात, तेचीच भिती दिसता." मी छाती ठोकून म्हटलं, "माणूस बघा, मग बोला. दुधासारखा पांढरा शर्ट घालून येतो की नाही बघा."

शनिवारी त्याने खिडकीत तोंड घातलं. "टायमकीपरानू, बोट आसा?"

"नाय रे," मी म्हणालो. "बिनधास्त धू."

आणि त्या वेळी, मंडळी, माझ्या वरच्या खिशात दुपारी आलेली चिठ्ठी होती. मुरगावात बोट लागली आहे, रविवारी पूर्ण पाळी. साहेबाच्या माणसाने दिली तेव्हा मी जेवत होतो. नंतर फळ्यावर लिहू म्हणून खिशात घातली आणि बांगड्याच्या तिखल्याच्या तंद्रीत साफ विसरलो. माझ्या हातून आजवर पुष्कळ चुका झाल्या आहेत, पण या चुकीइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही.

रविवारी सकाळी त्याने रोजच्या पांढऱ्यांबरोबर सोमवारसाठीचा खास शर्ट समजावून धुतला, तारेवर घातला, आणि तेवढ्यात पडवीसमोर जीप येऊन उभी. फळ्यावर काही लिहिलेलं नसल्यामुळे कुणीच कामावर गेलं नव्हतं. साहेब लालबुंद, तोही धुळीशिवाय. त्याने ओळीतल्या सगळ्या ड्रायव्हरांना आणि मला होतो तसे जीपमध्ये कोंबलं. जाता जाता याने बायकांकडे वळून काहीतरी हातवारे केले. बायकांना वाटलं, नेहमीसारखं सांगतोय, तारेला हात लावू नका.

त्यांनी नाही लावला. दिवसभर त्या पडवीतून बघत बसल्या, शर्ट आधी साईच्या रंगाचा झाला, मग आंबोळीच्या, मग विचारू नका. 'हो' 'नको' करत शेवटपर्यंत एकीचं धाडस झालं नाही.

आणि धूळ कोण उडवत होतं? तोच! धक्क्याचा रस्ता आमच्या पडवीसमोरून. प्रत्येक खेपेला तो ओळीजवळ आला की ट्रक बैलगाडीच्या चालीने न्यायचा, धूळ उडू नये म्हणून. मागे ट्रकांची रांग लागायची, हॉर्न वाजायचे, शिव्या यायच्या. तो पुढे गेला की मागचे सगळे उशीर भरून काढायला सुसाट सुटायचे, आणि त्यांच्यामागे जो लोट उठायचा तो थेट तारेवर. टाइम ऑफिसात मी त्याच्या खेपा लिहीत होतो. दर खेपेला खिडकीतून त्याचा चेहरा दिसायचा आणि मी मान खाली घालायचो.

संध्याकाळी तो तारेसमोर उभा राहिला. सगळी ओळ पडवीत जमलेली. मी पुढे झालो आणि कबूल केलं. "चिठ्ठी माझ्या खिशात होती. ही बघ, अजून आहे."

त्याने माझ्या खिशाकडे बघितलं. "काढून ठेव ती," तो म्हणाला. "तशीच धुतलास तर शाई पसरता."

बस, एवढंच. मग शर्ट उतरवला, कोरडा झाडला, आणि व्हाळावर जाऊन उजेड संपेपर्यंत समजावत बसला. माती मात्र ओल्या कापडावर बसलेली, म्हणजे त्याच्याच भाषेत घरजावय झालेली. शर्ट उकड्या तांदळाच्या पेजेच्या रंगावर येऊन थांबला, पुढे जाईना.

सोमवारी सकाळी तो म्हणाला, "मी येयत नाय." आम्ही सगळ्यांनी आपापले शर्ट पुढे केले, पण त्यातला एकही त्याच्या खांद्यावरून खाली उतरेना. माझा तर काखेत फाटला. त्याचे रोजचे पांढरे शर्टही त्याच तारेवर लाल झालेले, उरले होते ते रंगीत, पण पहिल्या भेटीला पांढराच, यावर तो अडून बसलेला. शेवटी मी हात जोडले. "माझ्यासाठी चल. मी तिथे शब्द दिलाय." त्याने तो पेजेच्या रंगाचा, अजून दमट शर्ट अंगात घातला.

बसमध्ये तो बसलाच नाही. दाराशी वाऱ्यात हात पसरून उभा राहिला, शर्ट वाळावा म्हणून. म्हापशाला गाडी बदलली, तरी तसाच. मधल्या एका थांब्यावर एका म्हातारीने त्याला कंडक्टर समजून तिकीट मागितलं. मला हसू आवरेना आणि तो माझ्याकडे बघून हसला. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

हळर्णला मुलीच्या बापाने पाणी दिलं, बसायला दिलं, आणि नजर शर्टावर ठेवली. "हो रंग मायनीचो न्हय मा?"

मी काहीतरी थाप मारायला तोंड उघडलं. पण तो आधी बोलला. "होय, मायनीचोच. सहा वर्सां पांढरो ठेवलेलंय. काल हातचो गेलो."

बाप माझ्याकडे बघायला लागला. मी पोह्यांकडे बघायला लागलो. झालं, पाचवा नकार, आणि तो माझ्या खिशातून आलेला.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "सहा वर्सां? कोण धुता?"

"मीच," तो म्हणाला.

मुलगी चहाचं ताट घेऊन आली, ताट खाली ठेवलं, सरळ त्याच्यापाशी गेली आणि त्याची कॉलर उलटून बघितली. बाप ओरडला, "गो, काय ह्या?" ती बापाकडे वळली. "बाबा, बघा तरी. एक धागो सुटूक नाय. तुमचो शर्ट दोन म्हयन्यांत चिंधी जाता!" मग त्याला म्हणाली, "माका तुमी पसंत. पण त्या धुळीत मी येवची नाय. तुमी हय येवा."

"येतंय," तो म्हणाला. विचार नाही, सवड नाही, मला विचारणं नाही.

परतताना मी चिडवलं, "काय, घरजावई?" तो म्हणाला, "भिजलंय मी. आता काय केल्या जायत नाय." आणि म्हापसा येईपर्यंत आम्ही दोघं शाळकरी पोरांसारखे हसत होतो. मला असा आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता. हे आमच्या हिला सांगू नका.

तो हळर्णला गेला, शेती शिकला. ओळ ओकीबोकी झाली. पुढे म्हापशाच्या बाजारात दोघं भेटायची, वांगी-भेंडी घेऊन बसलेली. बायको धुण्यात भारी दांडगी निघाली होती. दगडावर असं आपटायची की पलीकडच्या वाड्यावर ऐकू जावं. मी विचारलं, मग तुमचं जमतं कसं? तीच म्हणाली, "मी मारतंय, ते समजायतत. कपड्यांका आवस-बापूस दोगय होये मा?" तो शेजारी बसून मान डोलावत होता, आणि मांडीवरचा मुलगा त्याच्या बाहीला नाक पुसत होता.

काही वर्षांपूर्वी तो गेला. दोन दिवसांचा ताप, बास. मला उशिरा कळलं. तेरावं होऊन गेल्यावर हळर्णला पोचलो. बसमधून उतरून वाड्याकडे चालताना बांधावर एक माणूस पाठमोरा दिसला, आणि माझे पाय थांबले. शर्ट त्याचा. तीच खांद्याची रुंदी, तीच कडक कॉलर. माणूस वळला, तर कुणीतरी भलताच, शर्टात दोन वेळा मावेल एवढा. पुढे विहिरीपाशी दुसरा दिसला. सायकलवरून तिसरा गेला.

त्याच्या बायकोने दारात बघून मला आत घेतलं, चहा ठेवला. म्हणाली, कपडे वाड्यावर वाटून टाकले. तेवीस शर्ट निघाले, एकही फाटका नाही. मुलांना ते मोठे होतात, ठेवून कसर लागली असती.

"लोक म्हणतत, रडत कशी नाय," ती म्हणाली. "रडूक बसतंय, तर तेंचो एक शर्ट समोरसून जाता. परत रडूक बसतंय, दुसरो येता. काय करू?" आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. मीही लावला असता, पण मला पदर नव्हता.

इतक्यात खालच्या वाटेने एक काटकुळा माणूस चालला. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत आलेल्या, खांद्यावर नुकता तोडलेला, चीक गळणारा केळ्यांचा भला मोठा लोंगर. ती चहा तसाच टाकून अंगणाच्या कडेपर्यंत धावली.

"रे! लोंगर खांद्यार नको घेव! डीक लागतलो शर्टाक! माथ्यार घे, माथ्यार!"

तो बिचारा जागीच थबकला. त्याने लोंगर कसाबसा डोक्यावर चढवला, दोन्ही हातांनी धरला, आणि तो शर्ट वाऱ्यावर फडफडत शेताकडे उतरला. दिसेनासा होईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.